चारशे सतरा नंबरची हजेरी

१

गेटला कुलूप होतं, कुलपाला गंज होता, आणि आमच्या तक्त्यात त्या गेटाच्या आत ऐंशी माणसं कामावर होती.

हे आमच्या साहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांच्या गाडीचं टायर नेमकं छत्रीच्या काड्यांच्या त्या कारखान्यासमोर बसलं. पाणी मागायला ते गेटापाशी गेले, तर आत कमरेइतकं गवत. समोरचा चहावाला म्हणाला, "पाच महिने झाले, बंद आहे. तुम्हाला कोण हवंय?" साहेबांना कोणीच नको होतं. सोमवारी ते ऑफिसात आले ते तोंड पाडूनच, आणि आल्या आल्या मला आत बोलावलं.

आमचं ऑफिस काय करतं ते आधी सांगते. खासगी धंद्यांतल्या किती लोकांच्या नोकऱ्या गेल्या, ते आम्ही दर महिन्याला मोजतो. मंदी आल्यापासून आमच्या त्या एका आकड्याकडे सगळे डोळे लावून बसलेले असतात. सगळे कारखाने आणि दुकानं मोजणं कुणाच्या बापाला जमणार नाही, म्हणून वेचून सहाशे घेतलेत. त्यांना दर महिन्याला फोन करून बारा तारखेचा आकडा विचारायचा, मागून त्यांचा सही केलेला फॉर्म पोस्टाने येतो. एकाच्या मागे तसेच तीस धरायचे, हा आमचा हिशोब. एका ठिकाणी एक माणूस गेला की आमच्या तक्त्यात तीस जातात.

मी तिथली तपासनीस. बत्तीस वर्षं झाली. माझ्या मागे मला 'चाळणी' म्हणतात, मला माहीत आहे. खडा निसटत नाही म्हणून म्हणत असतील, असं मी आपलं धरून चालत होते.

"बाई, पाच महिने आपण खोटं छापतोय," साहेब म्हणाले. "ऐंशी गुणिले तीस. चोवीसशे माणसं घरी बसलीत आणि आपण त्यांना कामावर दाखवतोय."

"कारखान्याने खोटं कळवलं असेल."

"बंद कारखाना फॉर्म भरतो का?"

साहेबांनी चारशे सतरा नंबरची फाइल माझ्यापुढे सरकवली. आत पाच महिन्यांचे पाच फॉर्म होते, वेळेवर आलेले, सही-शिक्क्यानिशी.

"गुरुवारी वर उत्तर द्यायचंय," ते म्हणाले. "आणि बाई, हे बाहेरच्याचं काम नाही. आपल्यातलंच कुणीतरी आहे."

२

आपल्यातलं म्हणजे तिघंच. आकडा विचारते ती फोनवाली, तो यंत्रात घालतो तो बटणराव, आणि त्यावर सही करतात ते साहेब स्वतः.

साहेबांवरही मी संशय घेतला, खोटं कशाला बोलू? आकडा कमी आला की वरून त्यांची पाठ थोपटली जाते. पण ज्याने चोरी केली तो स्वतःच ओरडत येईल कशाला? टायर फुटलं हे त्यांनी सांगितलं नसतं तर कुणाला पत्ता लागला असता? साहेबांना मी वगळलं.

बटणराव संगणकाशी बसतो. बोट दाखवायच्या आतच उसळला.

"माझ्या अंगावर ढकलू नका हं. एखाद्याचा फॉर्म आला नाही तर यंत्र मागच्या महिन्याचा आकडा पुढे ढकलतं, कबूल. पण ढकललेला आकडा तसाच्या तसा राहतो. हे बघा."

पडद्यावर चारशे सतरा नंबरचे पाच महिने होते. चौऱ्याऐंशी, त्र्याऐंशी, एक्याऐंशी, एक्याऐंशी, ऐंशी.

"एकेक माणूस कमी करायची अक्कल यंत्राला नाही," तो म्हणाला. "हे माणसाचं काम आहे."

त्याचं बरोबर होतं. शिवाय प्रत्येक घटीपुढे शेऱ्याच्या रकान्यात कारण होतं. 'एक, दुसरीकडे लागला.' पुढच्या महिन्यात 'एक, दुसरीकडे लागली. एक, मयत.' मला वाटलं, काय धीट बाई आहे! खोट्याला मीठमसाला लावताना माणसं मारायलाही कमी करत नाही!

हो, 'बाई'. माझं मन तेव्हाच ठरलं होतं.

फोनवाली टेबल तीनवर बसायची. पस्तिशीची, सडपातळ, पदरात एक मूल. नवऱ्याची नोकरी मंदीच्या दुसऱ्याच महिन्यात गेली होती, घर तिच्या एकटीवर चाललं होतं. ती आमची कायम माणूस नव्हती. माणसं पुरवणाऱ्या एका ठेकेदाराने तिला आमच्याकडे पाठवलेलं. गंमत म्हणजे तो ठेकेदारही आमच्या सहाशेत होता, नंबर पाचशे एकोणनव्वद. म्हणजे दर महिन्याला ही स्वतःच्याच मालकाला फोन करून विचारायची, "तुमच्याकडे माणसं किती?" आणि स्वतःला धरून तेवीस लिहायची.

"चारशे सतराला फोन कोण करतं?" मी विचारलं.

"मीच, मॅडम. तिथले काका फार चांगले आहेत."

"वीस मिनिटं काय बोलता त्यांच्याशी? बाकीच्यांचे फोन दोन मिनिटांत आटपतात."

ती जराशी लाजली. "ते एकेकाचं सांगतात ना. कोण गेलं, कुठे लागलं, कुणाची तब्येत बरी नाही."

"कार्डावर फोन नंबर खोडून दुसरा लिहिलाय. पाच महिन्यांपूर्वी. कुणी?"

"काकांनीच दिला. म्हणाले, यापुढे यावर करा, साडेबारा ते एकमध्येच."

"आणि मागे मशिनचा आवाज येतो?"

ती थांबली. तिथेच मी तिला पकडलं असं मला वाटलं.

"नाही येत," ती हळूच म्हणाली. "मी एकदा विचारलंही. म्हणाले, जेवणाची सुट्टी आहे."

मी तिच्यासमोरच तो नंबर फिरवला. तेव्हा दुपारचे चार वाजले होते. साडेबारा ते एक, असं तिने सांगितलं होतं, पण संशयिताने सांगितलेल्या वेळी मी फोन करायचा म्हणजे काय! घंटी वाजत राहिली. कुणी उचलला नाही.

"मॅडम, मी मनाने काही लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "मुलाची शपथ घेऊन सांगते. ही नोकरी गेली तर आमच्या घरात कुणाचीच राहणार नाही."

मी तिच्याकडे पाहिलंही नाही. फोन खाली ठेवला आणि माझ्या टेबलाशी जाऊन साहेबांना चिठ्ठी लिहायला घेतली.

३

आता जे सांगायचं ते सांगताना माझी मान खाली जाते, पण सांगते.

मला इतकी खात्री का वाटली? बत्तीस वर्षांपूर्वी मीही टेबल तीनवरच बसायचे. पहिल्याच वर्षी एका महिन्यात कंटाळा केला आणि चौदा कंपन्यांना फोन न करताच आकडे मनाने लिहिले. एक कमी, दोन कमी, पटतील असे. कुणाला कळलं नाही. त्यानंतर कानाला खडा लावला, इतकी काटेकोर झाले की माझं नाव चाळणी पडलं. पण ते चौदा आकडे माझ्या पोटात तसेच राहिले. चौऱ्याऐंशी, त्र्याऐंशी, एक्याऐंशी पाहिलं आणि मला माझंच अक्षर दिसलं. मी केलं होतं, म्हणून तिनेही केलं असणार. फॉर्मही तिनेच भरून पोस्टात टाकले असतील, असं मी धरून चालले. एवढाच माझा पुरावा.

चिठ्ठीत मी लिहिलं, 'टेबल तीनवरील कर्मचारी आकडे मनाने भरते.' खाली सही ठोकली.

बुधवारी सकाळी ठेकेदाराचा माणूस आला. सगळ्यांच्या देखत तिला ड्रॉवर रिकामा करायला सांगितलं. तिने डबा, पाण्याची बाटली आणि मुलाचा फोटो पिशवीत टाकला. टाचण्यांची डबी ऑफिसची होती, ती परत टेबलावर ठेवली. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी फाइलमध्ये डोकं घातलं.

गुरुवारी साहेबांच्या उत्तरासोबत जोडायला म्हणून मी पाचही फॉर्म बाहेर काढले, तेव्हा हाताला पहिल्यांदा पाकिटं लागली. आमचा आवक कारकून पाकिटं फेकत नाही, फॉर्मला टाचून ठेवतो. पहिली दोन कारखान्याचं नाव छापलेली होती. पुढची तीन घरी बनवलेली, डिंकाने चिकटवलेली. चांगला जाड कागद होता. सहज एकाच्या आत पाहिलं, तर आतून छापील रेघा! पाकीट सोडवून कागद टेबलावर पसरला. एक ते एकतीस तारखांचे बारीक रकाने, डाव्या बाजूला नावांसाठी जागा, खाली छापलेलं, 'हजेरी घेणाऱ्याची सही'.

कोऱ्या हजेरीपटाचा कागद होता तो. उलटा करून पाकीट केलेलं.

फोनवाली कुठून आणणार हा कागद? कारखान्याच्या हजेरीपटाची कोरी पानं एकाच माणसाच्या कपाटात असतात. आणि त्याने छापील पाकिटं संपल्यावर ही पानं वापरली, म्हणजे नवी पाकिटं द्यायला मागे कारखाना नव्हता.

मग मी कार्ड पुन्हा काढलं, मंगळवारी त्यावरचा खोडलेला नंबर तेवढाच पाहिला होता. नोंदीही तेव्हाच पाहायला हव्या होत्या. तिसऱ्या महिन्याच्या नोंदीचं अक्षर वेगळं होतं. त्या महिन्यात फोनवालीच्या मुलाला कांजिण्या आल्या होत्या आणि ती दहा दिवस रजेवर होती. फोन टेबल दोनवालीने केला होता. आकडा एक्याऐंशी. शेरा, 'एक, दुसरीकडे लागली. एक, मयत.'

फोनवाली ऑफिसात नसतानाही आकडा खाली आला होता. म्हणजे तो पलीकडून येत होता, आमच्याकडे कुणी रचत नव्हतं.

घड्याळात साडेबारा वाजून पाच मिनिटं झाली होती. मी नंबर फिरवला. दुसऱ्याच घंटीला उचलला.

"बोला ताई," एक वयस्कर आवाज म्हणाला. "आज मध्येच कसा फोन? बारा तारीख अजून यायचीय."

त्याच्या मागे कुणीतरी भांडी घासत होतं.

"मी तपासनीस बोलतेय," मी म्हणाले. "तुम्हाला भेटायचंय."

तो माणूस घाबरला नाही, की त्याने फोन आपटला नाही. "या ना," म्हणाला, आणि घराचा पत्ता सावकाश, दोनदा सांगितला.

४

दोन खोल्यांचं घर. दार त्याच्या बायकोने उघडलं आणि आत हाक मारली, "अहो, ऑफिसातल्या बाई आल्यात."

साठीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. कारखान्यात त्याला सगळे हजेरीबाबू म्हणायचे. सव्वीस वर्षं गेटाशी बसून त्याने हजेरी मांडली होती. टेबलावर हजेरीपट उघडाच होता, शेजारी फोन. चौऱ्याऐंशी नावं. चार खोडलेली, पट्टी लावून, प्रत्येकापुढे कारण. बाकी ऐंशी नावांपुढे दर सोमवारी एक बारीक खूण.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"हजेरी."

"कारखाना बंद आहे, बाबू."

"गेट बंद आहे," तो म्हणाला. "मालक कुलूप लावून गेले ते आलेच नाहीत. कुणाला कामावरून काढल्याचा कागद दिला नाही. पट बंद कर असंही मला कुणी सांगितलं नाही. मग मी दर सोमवारी एकेकाला फोन करतो. रोज चारच्या सुमाराला जवळच्यांच्या घरी जाऊन येतो. कुणाला दुसरीकडे काम लागलं की खोडतो. बाकीचे आहेत."

"आहेत म्हणजे?"

"मी नाव घेतो, ते 'हजर' म्हणतात."

मी तपासनिसाचंच बोलले. "पण तुम्ही आम्हाला ऐंशी कामावर आहेत असं कळवलंत."

"नाही हो!" त्याला ते लागलं. त्याने लगबगीने कोरा फॉर्म काढला आणि तिसऱ्या प्रश्नावर बोट ठेवलं. "हे बघा ना. 'बारा तारखेला हजेरीपटावर नावं किती?' ऐंशी आहेत. मोजून घ्या. मी कधी खोटी हजेरी मांडलेली नाही."

तो प्रश्न माझा होता. पूर्वी तिथे 'कामावर किती' असं होतं. मालक लोक वाटेल ते लिहायचे, म्हणून अकरा वर्षांपूर्वी मीच हट्टाने तो बदलून घेतला. हजेरीपट खोटं बोलत नाही, असं भर बैठकीत म्हणाले होते मी. गेटला कुलूप लागल्यावरही कुणी हजेरीपट चालू ठेवील, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"आणि जेवणाच्या सुट्टीचं?" मी विचारलं. "फोनवाल्या ताईंना तुम्ही सांगितलंत, जेवणाची सुट्टी आहे म्हणून मशिनचा आवाज येत नाही."

तो खाली पाहायला लागला. बायको दारातच उभी होती.

"सांगा की आता," ती म्हणाली. "किती दिवस एकटे कुढणार?"

"ते मात्र खोटं बोललो," तो म्हणाला. "लाज वाटली. अकरा महिने ती पोरगी किती आपुलकीने विचारायची. तिला कसं सांगू?"

"कारखाना बंद पडला यात तुमची काय लाज?"

"मला तीन आठवडे आधी माहीत होतं."

त्याने हजेरीपट माझ्याकडे वळवला.

"मालकांनी मला एकट्याला सांगितलं. म्हणाले, कुणाला बोलू नकोस, नाहीतर माल निघायच्या आधीच माणसं काम टाकून बसतील. मी बोललो नाही. सव्वीस वर्षांचं मीठ, म्हटलं. त्याच तीन आठवड्यांत हा आला माझ्याकडे." त्याचं बोट एकतिसाव्या नावावर गेलं. "म्हणाला, 'बाबू, मला दुसरीकडून बोलावणं आलंय, जाऊ का? इथलं काम टिकेल ना?' आणि मी त्याला म्हणालो, 'जाऊ नकोस, इथे बरं आहे.'"

"मग?"

"मग काय. नाही गेला. ती जागा दुसऱ्याने घेतली. दर सोमवारी त्याला फोन करतो. तोही म्हणतो, 'हजर.' एकदाही मला वाकडा शब्द बोलला नाही." त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. "माझ्या हाताने त्याचं नाव कसं खोडू, सांगा ना. आधी मी त्याला अडकवलं, आता मीच काढू?"

बायकोने चहा आणला. मी त्याला समजावलं, की बाबू, तुमचे ऐंशी आमच्याकडे कामावर दिसतात तोवर त्यांची नोकरी गेली हे कुणाच्या गावीही नसतं. त्यांना कुणी विचारायला येणार नाही, त्यांच्यासाठी कुणी काही करणार नाही.

त्याने पट्टी काढली.

"एकतीसपासून सुरू करतो," म्हणाला.

ऐंशी रेघा मारायला त्याला तासभर लागला. प्रत्येक नाव तो आधी मोठ्याने वाचायचा. शेवटची रेघ त्याच्या स्वतःच्या नावावर होती. फॉर्मवर शून्य लिहून झाल्यावर त्याने विचारलं, "त्या ताईंना माझा निरोप सांगाल? म्हणावं, काकांनी फसवलं तुम्हाला, मनात ठेवू नका."

"सांगते," मी म्हणाले. ती आता ऑफिसात नाही, हे सांगायची माझी छाती झाली नाही.

५

शुक्रवारी मी साहेबांना दुसरी चिठ्ठी दिली. फोनवाली निर्दोष आहे, चूक माझी आहे, तिला परत घ्यावं. बत्तीस वर्षांपूर्वीचे ते चौदा आकडेही त्यात लिहिले. साहेबांनी वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हे जुनं कशाला उकरलंत?"

"त्याच्यामुळेच झालं सगळं."

"बाई, जागाच गेली हो," ते म्हणाले. "वरून एक माणूस कमी करायचा तगादा होताच, त्यांना निमित्त हवं होतं. तुमच्या पहिल्या चिठ्ठीवर बुधवारीच टेबल तीन रद्द झालं. आता तिथे कुणीच येणार नाही."

मी तिच्या घरी गेले. दार नवऱ्याने उघडलं, तिने आत बोलावलं. मी काकांचा निरोप सांगितला आणि मग माझं सगळं सांगितलं, चौदा आकड्यांसकट. तिने ऐकून घेतलं. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"काका बरे आहेत ना?" तिने विचारलं.

"बरे आहेत."

"मला वाटायचंच काहीतरी आहे. मी खोदून विचारायला हवं होतं." मग म्हणाली, "मॅडम, चूक झाली ती झाली. पण तुम्ही साडेबाराला फोन केला असता तर?"

ओळखीच्या चार ठिकाणी तिच्यासाठी शब्द टाकलाय. चारही ठिकाणी एकच उत्तर मिळालं, सध्या माणसं कमी करतोय.

तिचे दोनशे फोन आता मी करते. मीच मागून घेतले. या महिन्यात पाचशे एकोणनव्वदचं कार्ड समोर आलं, तेव्हा ते मी दोनदा खाली सारलं. शेवटी फोन लावला.

"मागच्या महिन्यात तुमच्याकडे तेवीस होते," मी म्हणाले. "आता?"

"बावीस," ठेकेदार म्हणाला. "एक कमी केली. कारण लिहून घ्या, कामात खोटेपणा."

"ते कारण खोटं आहे."

"तुमच्याच ऑफिसची सहीची चिठ्ठी आहे बाई माझ्याकडे. वाचून दाखवू?"

"नको," मी म्हणाले.

कारणाचा रकाना मी कोरा ठेवला. आकडा मात्र लिहावाच लागला. नोकरी गेली होती, ती मोजायलाच हवी होती. एक. मग आमच्या हिशोबाप्रमाणे पुढच्या रकान्यात तीस.

संध्याकाळी साहेब सहीसाठी तक्ता चाळत होते. त्यांचं बोट तिथे येऊन थांबलं.

"पाचशे एकोणनव्वदला कारण नाही. हा एक तपासून घेतलाय ना, बाई?"

"घेतलाय, साहेब," मी म्हणाले. "तो एक मीच घालवलाय."

त्यांनी सही केली.